तीन डोकी, नऊ गिऱ्हाइकं

माझं केस कापायचं दुकान आहे. आहे म्हणजे, पाटी आहे. साथ आल्यापासून लोक घरच्या घरी बायकोकडून केस कापून घेतात आणि कसेही कापले गेले तरी मास्कआड तोंड लपवून हिंडतात. अशात सरकारच्या हमीवर बँकेनं मला आणि समोरच्या सलूनवाल्याला कर्जाचा पहिला हप्ता दिला. त्यात माझं सहा महिन्यांचं भाडं भागलं. दुसरा मिळाला नाही, तर घरमालक दुकानाला कुलूप लावणार होता.

मग निरोप आला. योजनेचा कितपत उपयोग होतोय, हे बघायला एक साहेब येणार.

शाळेत तपासणीचे साहेब यायचे तेव्हा मास्तर मला मागच्या दारानं घरी पाठवायचे, म्हणजे वर्ग हुशार दिसायचा. (सातवीनंतर मी कायमचाच घरी बसून त्यांचा त्रास वाचवला.) तेव्हा तपासणी म्हणजे सगळं झकास दिसलं पाहिजे, एवढंच मला ठाऊक. बायकोलाही ते पटलं. तिनं माझे सासरे, मेहुणा आणि काका यांना गिऱ्हाईक म्हणून बोलावलं. तीन डोक्यांत काय होणार, असं मी म्हणालो.

"मास्क आहेत ना," ती म्हणाली. "मागच्या दारानं बाहेर, पुढच्या दारानं आत. शर्ट बदलायचं मी बघते."

साहेबांचा फॉर्म चौदा पानांचा निघाला. ते कोपऱ्यात बसून लिहीत राहिले आणि मी कापत राहिलो. काका तिसऱ्यांदा बसले तेव्हा कापण्यासारखे फक्त कानांतले केस उरले होते. सासऱ्यांचे मुळातच चार. त्यांच्या तिसऱ्या फेरीला मी हवेतच कात्री चालवली. ते हळूच पुटपुटले, "जावईबापू, मुलगी दिली, केसही दिले. आता आटपा."

शेवटच्या पानावर साहेबांनी मान वर केली. अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा, म्हणाले, दुसरा हप्ता त्यावरच ठरेल.

मी घसा खाकरला. साहेब, ही सगळी घरचीच माणसं आहेत, एवढंच म्हणायचं होतं. पण चारचौघांत माझी जीभ टाळूला चिकटते. ती सुटेपर्यंत मेहुणा टोपी घालून चौथ्यांदा आत आला. (हे ठरलेलं नव्हतं. त्याला काम आवडायला लागलं होतं.)

"कालही गर्दी बघून परत गेलो," तो म्हणाला. "आज तरी नंबर लागेल का?"

साहेब खूश झाले. योजना यशस्वी, धंदा पायावर उभा, आणखी मदतीची गरज नाही, असं त्यांनी मला वाचून दाखवलं आणि सही मागितली. मी केली. (वर थँक्यूही म्हणालो.)

दारात त्यांनी मानेवर वाढलेल्या केसांवरून हात फिरवला. कित्येक महिन्यांत दुकानात आलेलं ते पहिलं खरं डोकं. मी धावत जाऊन खुर्ची झटकली. साहेबांनी बाकावरच्या तिघांकडे पाहिलं.

"नको, तुमच्याकडे फार वेळ जाईल," म्हणाले आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेले. तिथला मालक स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत पेंगत होता.

दुसरा हप्ताही त्यालाच मिळाला.