एका नंबराने सरकलेला वर्ग

"यंदा माझ्या दहावीतलं एकही पोर 'पुढे काय करणार?' असं विचारल्यावर छताकडे बघणार नाही! लिहून ठेवा!"

भूगोलाच्या बाईंनी शिक्षकांच्या खोलीत ही घोषणा केली, तेव्हा पीटीच्या सरांचा घास घशातच अडकला. बाई नुकत्याच तीन दिवसांचं करिअर मार्गदर्शनाचं प्रशिक्षण घेऊन परतल्या होत्या. प्रमाणपत्राला लॅमिनेशन झालं होतं आणि बाईंना आभाळ ठेंगणं झालं होतं.

"साठ प्रश्नांची चाचणी आहे, सर! नुसत्या खुणा करायच्या. प्रशिक्षण केंद्रातलं मशीन ती तपासतं आणि कुणाचा कल कुठे ते सांगतं!"

"मशीन सांगणार? आमच्या घरातलं वॉशिंग मशीन तर साधे मोजेसुद्धा जोडीने परत देत नाही."

बाईंनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं.

चाचणी झाली. केंद्राचा नियम असा, की कागदावर नाव घालायचं नाही. गठ्ठा हजेरीच्या क्रमाने लावायचा. मशीन वरून मोजत जाणार आणि त्याच आकड्याची चिठ्ठी देणार. पंधरा दिवसांनी तपासलेला गठ्ठा आणि छापील चिठ्ठ्या आल्या. बाईंनी त्या पाकिटांत घालून, वर नावं लिहून शुक्रवारी वर्गात वाटल्या. बक्षीस समारंभात वाटावीत तशा, प्रत्येकाशी हात मिळवून! मुलं अडतीस आणि चिठ्ठ्या एकोणचाळीस निघाल्या, पण बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. छापणाऱ्याने एक जास्तीची टाकली असेल, माणसं चांगली आहेत, असं म्हणून त्यांनी उरलेली चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली.

आणि मग वर्गात जो काही गोंधळ उडाला!

ज्याच्या कुजबुजीने शेजारच्या वर्गातले खडू पडायचे, त्या 'भोंग्या'च्या चिठ्ठीत होतं: 'शांत जागी एकट्याने करायची बारीक कामं. घड्याळदुरुस्ती, ग्रंथालय.' त्याच्या पुढच्या नंबराची 'मऊ', जी हजेरीलाही नुसता हात वर करायची, तिला आलं: 'गर्दीपुढे बोलण्याची कामं. वकिली, निवेदन, लिलाव पुकारणे.' गुडघा खरचटलेला दिसला तरी डोळे फिरवणाऱ्या उंच मुलाला शल्यविशारद व्हायचा सल्ला होता. तो तर चिठ्ठी वाचतानाच बाकावर आडवा झाला!

"बाई, हे मीच आहे का?" मऊने विचारलं. म्हणजे तिचे ओठ हलले, त्यावरून बाईंनी ताडलं.

"शास्त्र आहे, बाळ! आपल्याला आपण दिसत नाही, मशीनला दिसतो!"

सोमवारी शाळेचा रंगच पालटला. भोंग्या मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन बसला, तो घंटा झाली तरी उठेना. शिपायाला वाटलं, पोरगा आजारी आहे. आणि पहिल्या मजल्याच्या कठड्याशी उभी राहून मऊ हरवलेल्या डब्याचा लिलाव पुकारत होती! "निळं झाकण, एकच ओरखडा! एक पेन्सिल एकवार! दोन पेन्सिली!" खाली पन्नास पोरं उभी. डबा ज्याचा होता त्यालाच शेवटी तो तीन पेन्सिली देऊन सोडवावा लागला.

बाई व्हरांड्यातून अशा चालत होत्या, जणू शाळा त्यांनीच बांधली होती.

दुपारी तीनला शिक्षकांच्या खोलीचं दार उघडलं आणि वर्गाच्या मॉनिटरची आई आत घुसली. ती शिवणकाम करायची. गळ्यातली टेपसुद्धा काढायला विसरली होती.

"बाई, माझ्या पोरीने काय गुन्हा केलाय हो? हे वाचा!"

मॉनिटर म्हणजे हजेरीतला पहिला नंबर. सगळ्या शाळेची लाडकी, रडणाऱ्याला हसवणारी. तिच्या चिठ्ठीत होतं: 'माणसांशी फार संबंध येईल अशी कामं टाळावीत. दीपगृह किंवा गोदाम योग्य.'

"दीपगृह! इथून समुद्र दोन दिवसांवर! पोर शुक्रवारपासून धड जेवली नाही. म्हणते, आई, मी माणसांना नकोशी आहे का गं?"

"ताई, तुम्ही शांत व्हा. तिची उत्तरंच दाखवते तुम्हाला." बाईंनी गठ्ठ्यातला सर्वांत वरचा कागद ओढला. "हं, प्रश्न सतरा. पाहुणे न कळवता आले तर काय कराल? उत्तर: दिवे घालवून गप्प बसेन."

"आमची मुलगी? ती पाहुण्यांना फाटकापासून हाताला धरून आणते!"

बाई पुढचं वाचणार, तेवढ्यात त्यांची नजर शाईवर पडली. हिरवी शाई! अख्ख्या वर्गात हिरव्या शाईचं पेन एकाच माणसाकडे होतं, आणि ते या क्षणी त्यांच्याच हातात होतं.

मग सगळं आठवलं. खुणा कशा करायच्या ते दाखवायला त्यांनी स्वतः एक कागद भरला होता आणि घाईत गठ्ठ्यावर ठेवला होता. म्हणजे पहिली चिठ्ठी बाईंची! ती गेली मॉनिटरला, मॉनिटरची दुसऱ्या नंबराला, भोंग्याची मऊला... अख्खा वर्ग एका नंबराने सरकला होता!

"ताई," बाई कशाबशा म्हणाल्या, "दीपगृह माझं आहे."

आईने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "हं. ते पटतंय."

पण रडायलाही सवड नव्हती. मुलांनी याच चिठ्ठ्या पाहून सकाळी विषयनिवडीचे फॉर्म भरले होते आणि चारला क्लार्क ते घेऊन शिक्षण कार्यालयात जाणार होता! बाईंनी पदर खोचला आणि दोन-दोन पायऱ्या चढत निघाल्या. वाटेत क्लार्कच्या हातातला फॉर्मचा गठ्ठा अक्षरशः हिसकावला. मागे क्लार्क, त्याच्या मागे आरडाओरडा ऐकून निघालेले हेडसर, आणि सर्वांत मागे टेपवाली आई!

"मुलांनो, माझी चूक झाली!" बाई वर्गात धापा टाकत म्हणाल्या. "सगळं एकाने सरकलंय! प्रत्येकाने आपल्या पुढच्या नंबराकडची चिठ्ठी घ्या!"

मॉनिटरने चिठ्ठी टाकून आईला मिठीच मारली. उंच मुलगा ओरडला, "घ्या बाई, लवकर घ्या!" पण बाकीचे जागचे हलेनात.

"मी देणार नाही!" आवाज खणखणीत होता. सगळ्यांनी भोंग्याकडे पाहिलं. पण बोलत होती मऊ! "चिठ्ठी त्याची असेल, बाई. लिलाव मी केलाय!"

भोंग्या हळू आवाजात म्हणाला, "तिलाच राहू दे. ग्रंथालयात आज पहिल्यांदा मी कुणाचं तरी शेवटपर्यंत ऐकलं. पुस्तकाचं का होईना."

बाईंनी हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"पाऊण तास आहे. चिठ्ठ्या दप्तरात टाका, कोरे फॉर्म घ्या आणि स्वतःला विचारून भरा. अडलं तर बाईंना विचारा."

काय ती तारांबळ! पोरं बाकावर, जमिनीवर, एकमेकांच्या पाठीवर फॉर्म ठेवून लिहीत होती. "बाई, वकिलीला गणित लागतं का?" "बाई, रक्त न बघता डॉक्टर होता येतं का?" बाई या बाकावरून त्या बाकावर धावत होत्या. ज्याचं उत्तर येत नव्हतं, तिथे चक्क "मला माहीत नाही, उद्या शोधून सांगते" म्हणत होत्या. चारला पाच मिनिटं कमी असताना क्लार्क गठ्ठा घेऊन पळाला.

वर्ग रिकामा झाल्यावर हेडसर मागेच रेंगाळले. आता बोलणी खायची, या तयारीने बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. हेडसरांनी दार लोटलं आणि घसा साफ केला.

"बाई, चाचणीचा एखादा कोरा कागद उरलाय का हो? दोन वर्षांत मी निवृत्त होतोय. पुढे काय करायचं म्हटलं की मला छतच दिसतं."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. "बसा ना सर! आत्ता भरून टाकू! चिठ्ठी आली की मी लगेच तुम्हाला..."

"नको, नको!" हेडसर घाईघाईने म्हणाले. "चिठ्ठी आणायला मी स्वतः जाईन."