भिंतीला पाठ लावणारा एजंट

चोराच्या मनात चोरीचा विचार येण्याआधी मला त्याचा वास येतो. माझी नजर घारीची, चाल मांजराची आणि वावर इतका गुप्त, की मी घरात आहे हे माझ्या बायकोला कित्येकदा जेवायच्या वेळीच कळतं. ती म्हणते, मी झोपलेला असतो म्हणून. मोठ्या गुप्तहेरांच्या घरी असे टीकाकार असायचेच.

त्या दिवशी पुतणी आली ती घाबरीघुबरी होऊनच.

"काका, संध्याकाळपर्यंत एजंट ठरवायचाय. दोघं आहेत. दोघंही म्हणतात, घर घ्यायचं तर फक्त माझ्यामार्फत. घरमालकाने खोल्या सोडायला सांगितल्यात, आणि बाळ काही आमच्यासाठी थांबणार नाही. होतं नव्हतं ते सगळं यात घालतोय. माणूस चुकीचा निघाला तर दुसरं घर घ्यायची ऐपत नाही आमची."

"माणूसच ओळखायचाय ना? चल!" मी भिंग खिशात टाकलं. बायकोने पिशवी उचलली. तिला कोणीही बोलावलं नव्हतं.

पहिल्या एजंटाला मी मनातल्या मनात 'इस्त्रीवाला' हे नाव दिलं. पँटची घडी अशी, की तिच्यावर पेन्सिलीला टोक काढून घ्यावं. त्याने दाखवलेलं घर बेस्ट, पाणी बेस्ट, शेजारी तर फारच बेस्ट. पुतणीने विचारलं, "ओट्याखालचा पाइप बरा आहे ना?" तो दारातूनच म्हणाला, "बेस्ट!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुमची नजर काही वेगळीच आहे हो." इतकं अचूक निरीक्षण मी माझ्याखेरीज कोणाचं पाहिलं नव्हतं. माझ्यापुरता तपास तिथेच संपला.

केवळ निःपक्षपातीपणा म्हणून दुसऱ्याकडे गेलो. जाड, घामाघूम माणूस. रिकाम्या घरात आमची वाट बघत होता, आणि बैठकीच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभा होता.

"या काका, या काकू. ताई, तुम्ही आत जाऊन बघा. मी आहे इथेच."

माझे कान टवकारले. एजंट आणि पुढे पुढे करत नाही?

"भिंतीमागे ओल आहे," मी पुतणीच्या कानात सांगितलं. "ती झाकतोय." पण तो सरकला तेव्हा मी भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी ठणठणीत. तो मात्र खेकड्यासारखा आडवा चालत खिडकीजवळच्या भिंतीला जाऊन चिकटला.

"भिंत पडायला आलीय. पाठीने तोलून धरलीय त्याने."

"काका, तो स्वयंपाकघरात गेला. ही भिंत अजून उभी आहे."

"मग त्याच्या पाठीमागे हत्यार आहे!" मी आत जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. "जरा वळा बघू."

"नको काका."

"का?"

"असाच बरा आहे मी."

गुन्हेगार कोपऱ्यात सापडला होता. खरोखरच कोपऱ्यात, दोन्ही भिंतींना टेकून. मी पुतणीला म्हटलं, "इस्त्रीवाल्याला फोन लाव. होकार कळव." तिने फोन काढलासुद्धा.

एवढ्यात ओट्यापाशी वाकलेली बायको बोलली. "भाऊ, तुम्ही या ओट्याखाली शिरला होता का?"

तो लाल झाला. "हो काकू. पाइप गळतोय असा संशय होता. तुम्ही यायच्या आत बघून घ्यावं म्हटलं. गळतोच आहे. मालक म्हणाला, बोलू नका. मी सांगणारच होतो, पण दाखवायचं म्हणजे वाकायला हवं, आणि..."

"आणि पँट उसवली," बायको म्हणाली. तिच्या बोटात एक निळा धागा होता. ओट्याखालच्या खिळ्याला अडकलेला.

"पार वरपर्यंत," तो पुटपुटला.

बायकोच्या पिशवीत सुईदोरा निघाला. दोरा पिवळा होता, पण अडल्या माणसाने रंग विचारला नाही. त्याने खोलीत जाऊन दाराच्या फटीतून पँट बाहेर दिली. बायको शिवायला बसली आणि पुतणीने दाराशी उभं राहून चौकशी सुरू केली.

"बाकी घर कसं आहे?"

"दुपारी तापतं," दारामागून आवाज आला. "पाण्याच्या पंपाची घरघर या खोलीत येते. बाळ झोपवणार असाल तर पलीकडची खोली घ्या."

"मग घेऊ का नको?"

"मालकाने पाइप बदलून दिला तर घ्या. नाही तर मी दुसरं दाखवतो. घाई करू नका ताई, एवढं सगळं घालताय त्यात."

आपली पँट परक्या बाईच्या हातात असताना माणूस फारशा थापा मारत नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. म्हणजे, बायकोने म्हटल्यावर आलं.

ती दाताने दोरा तोडत म्हणाली, "सकाळच्या त्या माणसाच्या पँटला गुडघ्यावर एक सुरकुती तरी होती का गं?"

पुतणीने फोन पर्समध्ये टाकला आणि दारावर टकटक केलं. "भाऊ, आमचं काम तुम्हीच बघा."

"चालेल ताई. आधी पँट द्या."

अशा रीतीने माझ्या कौशल्याने हे प्रकरण निकाली निघालं. तरी एक बाब उरली होती. निव्वळ संशयितांच्या बोलण्यावर विसंबणं माझ्या तत्त्वात बसत नाही. पाइप खरंच गळतो का, हे स्वतः पाहावं म्हणून मी भिंग घेऊन ओट्याखाली वाकलो.

पाइप गळत होता. त्याच वेळी मागून एक आवाज झाला. चर्रर्र.

मी सावकाश सरळ झालो आणि जवळच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. तिथे सवयीने टेकलेला पिवळ्या शिवणीचा एजंट सरकला आणि त्याने मला शेजारी जागा करून दिली.

"अगं," मी म्हटलं, "सुई कुठे आहे?"

"सुई आहे," बायको पिशवी बंद करत म्हणाली. "दोरा संपला."