फाइल टाका, वहिनी

मार्चमध्ये सुधीर गेला. आठवड्याभरात त्याचा संगणक बंद पडला.

सुधीर, माझा नवरा, शाळेत मराठी शिकवायचा. रविवारी दिवा स्टेशनजवळच्या एका आगरी गावात जाऊन तो धवले, म्हणजे लग्नातली गाणी, लिहून आणायचा. घरी आला की जुन्या कुठल्यातरी फॉन्टमध्ये टाइप करायचा आणि कागद रद्दीत टाकायचा. आता बंद संगणकातून काढलेली ती फाइल नव्यावर उघडली, तर नुसते कंस आणि प्रश्नचिन्हं. मला वर्षश्राद्धाच्या आत त्या गाण्यांचं पुस्तक करायचं होतं.

इथे कर्णिक येतात. डोंबिवलीत आमच्या समोरच्या दारात ते एकटे राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून सकाळच्या चहाबरोबर ते इंटरनेटवरच्या एका मराठी तांत्रिक गटावर लोकांच्या शंका सोडवतात. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आजवर दिलेलं नाही.

"एक्सेलमध्ये दोन याद्या कशा जुळवू?"

"एक्सेल टाका. डेटाबेस घ्या."

"डेटाबेस हळू चालतो."

"डेटाबेस टाका. साधी टेक्स्ट फाइल घ्या."

प्रिंटरमध्ये कागद अडकतो म्हणणाऱ्याला त्यांनी विचारलं, "छापायचंच कशाला?" एकाने चिडून लिहिलं, "काका, नळ गळतो म्हटलं तर तुम्ही घर बदला म्हणाल."

"बदल. पण दिव्यात बघू नकोस. तिथे नळालाच पाणी नाही."

त्याच गटावर मी माझी शंका विचारली. कुणी फॉन्ट सुचवला, कुणी कन्व्हर्टर दिला. त्यातून गाणी बाहेर आली ती काना-मात्रा हरवून. मग कर्णिकांचं उत्तर आलं. "फाइल टाका, वहिनी. गाणाऱ्या बायका आहेत ना?"

"काका, हा सॉफ्टवेअरचा गट आहे," कुणीतरी हसलं.

मी संगणक बंद केला. सुधीरचं एवढं काम, आणि हा माणूस टाका म्हणतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात रेकॉर्डर घेऊन कर्णिक दारात उभे. "चला. रिक्षा खाली थांबवलीय."

गावात सुधीरला गाणी सांगणारी धवलारीण, हिराबाई, ओटीवर बसली होती. मला पाहून तिने माझे दोन्ही हात धरले. मग कर्णिक रेकॉर्डर लावू लागले, तशी त्यांच्याकडे वळली.

"दादूस, तुजे लग्नान धवला कोनी गायला?"

"लग्न टाकलं मी."

"टाकलास? मंग घेतलास काय?"

कर्णिक वायरीचा गुंता सोडवत बसले. वायरीला गुंता नव्हता.

हिराबाईने सूर लावला आणि शेजारच्या घरांतून बायका येऊ लागल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या कडेवर नातू. ओटी भरली, मग अंगण भरलं. एकीला जे कडवं आठवेना, ते दुसरी ओढून काढी. हळद झाली, वरात झाली. "ह्यो मास्तरला ऐकवाचा रायला व्हता," म्हणत हिराबाईने सुधीरकडे नसलेला एक धवलाही गायला. कर्णिक एका हाताने रेकॉर्डर धरून दुसऱ्या हाताने मांडीवर ताल देत होते, आणि तो दर वेळी चुकत होता. त्या दिवशी सगळं सापडलं. होतं त्याहून जास्त सापडलं.

फक्त प्रत्येक ओळीनंतर हिराबाई थांबायची. दम लागतो का, मी विचारलं.

"दम नाय गो. मास्तर लिवून घ्याचं ना, म्हनून थांबताव."

कर्णिकांनी ती गाणी गटावर चढवली. हसणाऱ्यांनी हात जोडले. एकाने आपणहून सल्ला दिला, "काका, मधल्या रिकाम्या जागा कापा. एका क्लिकचं काम आहे."

"माहीत आहे," कर्णिकांनी लिहिलं. "राहू देत."

फाइल अजून उघडत नाही. गाणी आहेत, आणि दोन ओळींमध्ये सुधीरला लिहायला लागायचा तेवढा वेळ आहे.