सभासद नऊ, रयत एक

हिलाल तात्या म्युनिसिपालिटीच्या सभेला यायचे ते स्वतःचं बाकडं डोक्यावर घेऊन. बाभळीचं बाकडं, तीन पाय धड, चौथा डुगडुगणारा. ते दाराशी टेकवायचं, वर बसायचं, पागोटं काढून मांडीवर ठेवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "रयत बठनी. चालू द्या."

रयत म्हणजे ते स्वतः.

मी त्या काळी तिथे कारकून होतो. मूळचा नाशकाकडचा. नंदुरबारला आगगाडीतून उतरलो, बैलगाडीनं तापी ओलांडली आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावात नोकरीवर रुजू झालो. माझं मराठी फार शुद्ध आहे, असा माझा समज होता. तो खराही होता. फक्त गावात त्याचा कुणाला उपयोग नव्हता. पेठेत मारवाडी आणि गुजराती, गल्ल्यांतून अहिराणी, बाजारच्या दिवशी डोंगरातून उतरणाऱ्यांची भिली. शुद्ध मराठी कचेरीच्या कपाटात असायचं आणि त्याची किल्ली माझ्याकडे होती.

पहिल्याच सभेत मी अध्यक्षांना हळूच विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

अध्यक्ष म्हणजे रावसाहेब वकील. त्यांनी सुस्कारा टाकला. "सभा लोकांना खुली आहे, असं नियमात लिहिलंय. कुणी खरोखरच येऊन बसेल, असं नियम लिहिणाऱ्याला वाटलं नसावं."

मी हजेरी वाचली. "सभासद नऊ हजर."

दाराकडून आवाज आला, "आनि रयत?"

मी रावसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी लिहिलं, 'रयत एक.' पुढे आठ वर्षं मी ते लिहीत होतो.

तात्यांना तंबाखूची सवय होती. मधेच उठायचे आणि जाहीर करायचे, "रयत थुकाले जाई ऱ्हायनी. थांबा." एकदा तेवढ्या वेळात सभेनं घाईघाईनं तीन ठराव उरकून घेतले. तात्या परत आले, सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि म्हणाले, "रयतना माघारे ठराव? पुन्हा करा." आणि गंमत म्हणजे सभेनं ते पुन्हा केले. एकानं विरोधही केला नाही.

याचं कारण गटार. पेठेतलं नवं गटार बांधून झालं तेव्हा तात्यांनी पाण्याची घागर आणली, गटाराच्या वरच्या टोकाला ओतली आणि त्या पाण्याबरोबर चालायला लागले. मागे पन्नास माणसं. पाणी शाळेपर्यंत नीट गेलं, तिथे थबकलं, विचार करून उलटं फिरलं आणि थेट रावसाहेबांच्या अंगणात शिरलं. रावसाहेब पानाचं तबक घेऊन ओटीवर बसले होते. तात्यांनी हात जोडले. "साहेब, तुम्हनं गटार तुमले भेटाले उनं." गटार पुन्हा खणावं लागलं. तेव्हापासून सभा तात्यांना जरा दबून असे.

सभेतलं आटोपलं की मंगळवारच्या बाजारात त्यांचं दुसरं काम सुरू होई. बाजारतळावर बाकडं मांडायचं, वर उभं राहायचं आणि झालेले ठराव ज्याला त्याला त्याच्या भाषेत सांगायचे. मारवाड्याला मारवाडीत, गुजर पाटलाला अहिराणीत, डिंक-चारोळ्या घेऊन आलेल्या डोंगरातल्या माणसांना भिलीत. भिलीत सांगताना ते हातपायही वापरत. नळाचा ठराव सांगताना मी त्यांना बाकड्यावर नळ झालेलं पाहिलं आहे.

एकदा मी ठराव लिहिला, 'बेवारस श्वानांचा योग्य तो बंदोबस्त करण्यात यावा.' तात्यांनी तो बाजारात सांगितला. पुढच्या मंगळवारी डोंगरातून माणसं आली ती दोरीला कुत्री बांधून. अकरा कुत्री. ती त्यांनी कचेरीच्या खांबांना बांधली, आम्हाला रामराम केला आणि मीठ घ्यायला निघून गेली. कुत्र्यांनी आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टरला कपाटावर चढवलं.

"तात्या, हे काय?" मी ओरडलो.

"बंदोबस्त करनार व्हतात ना तुमीन? त्या म्हने सरकार कुत्रा सांभाळस. काय वाईट शे?"

"बंदोबस्त म्हणजे सांभाळणं नव्हे!"

"मंग काय?"

जे म्हणायचं होतं ते भिलीत काय, शुद्ध मराठीतसुद्धा तोंडातून निघेना. ठराव रद्द झाला. दोन कुत्री कचेरीतच राहिली आणि माझा डबा खाऊ लागली.

आता विहिरीची गोष्ट.

बाजारतळावर म्युनिसिपालिटीची विहीर होती. डोंगरातली माणसं आदल्या दिवशी निघत, रानातून चालत चालत बाजारच्या सकाळी पोचत, आणि आधी त्या विहिरीवर जात. पेठेतल्या लोकांना ते खपेना. गर्दी होते, दोर तुटतो, चिखल होतो, अशी कुरकुर सुरू झाली. कापडवाले केसरीमल शेठ सभासद होते. त्यांनी बंदीचा ठराव आणायचं मनावर घेतलं आणि मसुदा माझ्याकडे आला.

मी तो मन लावून लिहिला, हे कबूल केलं पाहिजे. 'बाजारतळावरील सार्वजनिक कूपाच्या शुचितेच्या रक्षणार्थ परस्थ इसमांकडून होणाऱ्या जलोपसर्गास प्रतिबंध करण्यात यावा.' जलोपसर्ग हा शब्द मी स्वतः घडवला होता. दोन दिवस मी त्या शब्दावर खूश होतो. आपण काय लिहिलं, याचा विचार मात्र केला नव्हता.

सभा नेमकी मंगळवारी आली. बाहेर बाजार भरलेला. मी ठराव वाचला. बाकडं डुगडुगलं.

"रयतले समजनं नही."

रावसाहेब म्हणाले, "कारकून, समजावून सांगा."

"कूप म्हणजे विहीर," मी म्हणालो.

"मंग हीर म्हना ना. आनि ते जलो... काय ते?"

"पाणी काढण्याचा त्रास."

"कोनले त्रास? काढनाराले का हीरले?"

नऊ सभासदांपैकी तिघे हसले. रावसाहेबांनी टेबलावर थाप मारली. तात्या शांतपणे केसरीमल शेठांकडे वळले. "शेठ, ठराव तुम्हना शे. या कारकूनभाऊनी भाषा देवबी समजनार नही. तुमीन तुम्हना बोलीमां सांगा. तुम्हनी माय घरमां बोले तशी."

शेठ उठले. उपरणं सावरलं. घसा खाकरला आणि मारवाडीत म्हणाले, "बारला लोगां नै पाणी..."

आणि थांबले.

वाक्य अगदी लहान होतं, बाहेरच्या लोकांना पाणी नाही. एकच शब्द राहिला होता. शेठांनी पुन्हा सुरुवात केली, "बारला लोगां नै..." आणि पुन्हा तिथेच अडले. त्यांच्या आजोबांनी मारवाडातून पायी येताना वाटेत किती अनोळखी दारांवर पाणी मागितलं, हे शेठ एरवी दुकानात गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत असत. त्याच बोलीत त्यांना आता पाण्याला नाही म्हणायचं होतं.

"सांगा शेठ," तात्या अगदी मऊ आवाजात म्हणाले. "तुमीन सांगात का मी खिडकीमांतून त्यास्ले त्यास्नी बोलीमां सांगस. त्या तठेच उभा शेतस."

आम्ही खिडकीकडे पाहिलं. बाहेर खरोखरच माणसं उभी होती. खांद्यावर मोटल्या, पायांवर पांढरी धूळ. एक म्हातारी गजांतून आत पाहत होती. तिला आतलं एक अक्षर कळत नव्हतं. तिनं शेठांना ओळखलं असावं, ती हसली.

शेठ खाली बसले. "ठराव परत घेतो," ते मराठीत म्हणाले. मग, बहुतेक काहीतरी करून दाखवायलाच हवं म्हणून, "गर्दी होते हे खरं आहे. विहिरीला आणखी एक रहाट बसवावा."

"हाई समजनं," तात्या म्हणाले.

रहाट बसला. पण रावसाहेबांनी त्या दिवसाचा राग धरला. पुढच्या महिन्यात नवा नियम आला: सभागृहात बाहेरचं लाकूडसामान आणू नये. नियम मीच लिहिला. त्यात संस्कृत घातलं नाही, एवढंच. तात्यांनी बाकडं व्हरांड्यात ठेवलं आणि दाराशी उभे राहू लागले. चार-चार तास. "रयत उभी शे. चालू द्या." सत्तरीला टेकलेला माणूस, कधी या पायावर, कधी त्या पायावर.

मग एका सभेला ते आले नाहीत.

मी हजेरी घेतली आणि दाराकडे पाहिलं. रावसाहेबांनीही पाहिलं. एका ठरावाचा मसुदा कुणालाच कळत नव्हता, पण कुणी विचारलं नाही. तो मंजूर झाला. दुसऱ्या सभेलाही दार रिकामं. त्या सभेनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचं घर शोधत गेलो.

पाटील गल्लीत एका बाईला घर विचारलं. तिनं तोंडानं उत्तर दिलं नाही, नुसती मान वळवून दाखवलं. शेवटचं घर. तात्या खाटेवर होते, ताप उतरत आलेला. चुलीपाशी एक तवा, एक ताट. मी पाणी भरून आणलं, पेज शिजवली. एवढ्या माणसांना ठाऊक असलेल्या माणसाच्या घरात कुणीच कसं नाही, असं मी सहज बोलून गेलो.

तात्या छताकडे पाहत म्हणाले, "मी गाडी हाकू. डोंगरमांतून लाकडं लई येऊ. रुमली तठलीच, भिलनी पोर. तिले बायको करी लई उनू. भाऊबंदस्नी वाळीत टाकं. बावीस वरीस व्हयनात. या गल्लीमां मन्हासंगे कोनी बोलत नही."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आठ वर्षांत मीही विचारलं नव्हतं.

"ती व्हती तवय काही वाटे नही. दिवसभर बोले. मन्ही भिली आयकीसन तिले हसू ये. दहा वरीस व्हयनात तिले जाईसन." त्यांनी पांघरूण वर ओढलं. "बाजारमां लोके आयकतस. पन आयकनं येगळं, बोलनं येगळं. सभामां कायदा शे, कारकूनभाऊ. रयतनी इचारं का उत्तर देनं पडस. रावसाहेब चिडीसन देतस. पन देतस."

मी पेज त्यांच्या हातात दिली, ती संपेपर्यंत बसलो, भांडं विसळून ठेवलं आणि पिशवी उचलली.

"निंघनात?"

"कचेरी आहे."

"बठा ना. आखो एक सवाल शे."

"विचारा."

तात्या विचारात पडले. सवाल तयार नव्हता, हे उघड दिसत होतं.

"तुम्हना नाशिककडे," ते शेवटी म्हणाले, "भाकर कसानी करतस?"

"बाजरीची."

"जाड करतस का पातळ?"

"आमची आई पातळ करते."

त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. "आनि तिनासंगे काय?"

मी पिशवी खाली ठेवली, पाट ओढून खाटेजवळ बसलो आणि सावकाश, एक एक करून, आईच्या सगळ्या भाज्या सांगायला लागलो.