भामरेकाकांची बुटकी गाडी

भामरेकाकांच्या गाडीत बसायचं म्हणजे प्रत्येक स्पीडब्रेकरला उतरायचं. "उतरा, पाय मोकळे करा!" काका फर्मावायचे. आपण चालत पलीकडे जायचं, मागून गाडी येणार, मग पुन्हा बसायचं. आमच्या सिडकोत स्पीडब्रेकरना काय तोटा! भाजीबाजाराचा निम्मा रस्ता मी पायीच गेलेय. वर शेजारधर्म म्हणून ऐकवायचे, "एवढ्यात धाप? वजन कमी कर जरा!"

अहो, गाडी मुळात चांगली उंच होती. अंबडच्या कंपनीतून रिटायर झालेल्या या माणसाला सत्तरीत हुक्की आली. अंगणात जॅक लावून एकेक चाक उतरवलं, आतल्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवायला घेतल्या. दिवसभर गाडीखालून नुसते पाय दिसायचे आणि शिव्या ऐकू यायच्या. गॅरेजचं नाव काढलं की खेकसायचे, "त्याला काय माहीत मला किती खाली पाहिजे ते?"

गाडी झाली बुटकी. "काका, कॉलेजात नाव घातलंत का?" मी चिडवलं.

"स्टाईल आहे!" म्हणाले.

कसली डोंबलाची स्टाईल! काकूंचं एक अंग लुळं पडलेलं. त्या उंच गाडीत त्यांना दोघांनी उचलून बसवावं लागायचं, तेही सगळ्या गल्लीदेखत. "मला पोत्यासारखं उचलू नका हो," म्हणून एकदा ढसाढसा रडल्या आणि बाहेर पडणंच सोडलं. चांदवडला माहेरी भाचीचं लग्न होतं, त्यालाही गेल्या नाहीत.

स्प्रिंगा बसल्या त्या दिवशी काकू काठी टेकत दाराशी आल्या, सीटवर टेकल्या आणि स्वतःच्या हाताने लुळा पाय उचलून आत घेतला. कुणी हात लावला नाही. काका लांब उभे राहून फडक्याने हात पुसत होते, पुसतच होते. मला बाई रडूच आलं.

तेव्हापासून काकूंशिवाय गाडी कधी निघाली नाही. स्पीडब्रेकरला उतरायचो ते आम्ही. काकूंना उतरवायची काकांची छाती नव्हती. काकू माझ्या दुप्पट, त्यामुळे गाडी खालून खर्रर्र करून घासायचीच. "घा... सली!" काकू अडखळत म्हणायच्या आणि खुदुखुदु हसायच्या. काका कपाळावर हात मारून घ्यायचे.

दिवाळीनंतर काकू गेल्या. गाडी अंगणात धूळ खात पडली.

परवा काकांनी ती पहिल्यांदा बाहेर काढली, मला बाजारात सोडायला. मी आपली मागेच बसले. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आला, मी सवयीने उतरले. गाडी पलीकडे गेली. जरासुद्धा आवाज नाही. काकांनी ती मागे घेतली, पुन्हा पुढे आणली. परत मागे घेतली.

मी खिडकीशी गेले.

"घासतच नाही गं," काका म्हणाले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

मी पुढचं दार उघडलं आणि काकूंच्या सीटवर जाऊन बसले. "घ्या आता, काका."

काकांनी श्वास रोखून गाडी पुढे घेतली. पुढची चाकं चढली, मग मागची उतरली. आम्ही दोघं कान देऊन बसलो होतो.

आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन कमी पडलं.