सीलिंगमधला पाय

घर विकत घेण्याआधी ते तपासून देणं हा भिंगमास्तरांचा धंदा. (भिंगमास्तर हे सासुरवाडीनं ठेवलेलं नाव, खरं नाव तिथे कुणाला आठवत नसे.) भिंतीला कान लावायचा, नळ सोडून बघायचे, फरशीवर टिचक्या मारायच्या आणि शेवटी चेहरा पाडून "जपून हं" म्हणायचं. त्यामुळे मेहुण्यानं एक घर पसंत केलं, तेव्हा बायको म्हणाली, "नात्याच्या कामात तुम्ही पडू नका. दुसरं कुणीतरी बघेल."

मास्तर नेमके पडले.

मेहुण्याला घेऊन बघायला गेले. घर जुनं, पण नेटकं होतं. विकणारा मुलगा घाईत होता. आतल्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथे बाबा असतात. अंथरुणाला खिळलेत. त्यांना काही कळत नाही."

मास्तर शिडी लावून माळ्यावर चढले. वर पाय टाकायचा तो तुळईवर, मधल्या सीलिंगवर नाही, हे ते धंद्यातल्या नवख्यांना ओरडून सांगत. त्यांनी तुळया ठोकून पाहिल्या. खणखणीत! त्या आनंदात मागे वळले, आणि उजवा पाय सीलिंग फोडून मांडीपर्यंत खाली गेला.

काही केल्या निघेना. खालचा धुरळा बसला तसा एक क्षीण आवाज आला.

"आलास?"

"अं... हो," मास्तर म्हणाले.

"किती वाट बघायला लावलीस रे! चल, ने मला."

म्हातारा आपल्याला कोण समजतोय हे मास्तरांच्या लक्षात आलं आणि लोंबकळत्या पायावरसुद्धा काटा आला.

"आजोबा, मी तो नाही हो."

"तो नाहीस, मग वरून कशाला आलास?"

मास्तरांनी पाय पुन्हा ओढून पाहिला.

"आज नेणार नसलास तर एवढं ऐक," म्हातारा म्हणाला. "पोरगा घर विकतोय. मला विचारलंसुद्धा नाही. ही याच खाटेवर गेली. मला परक्या भिंतीकडे बघत मरायचं नाही. न्यायचंस तेव्हा इथूनच ने. कबूल?"

मग नुसतं रडणं ऐकू येऊ लागलं. रडणाऱ्या माणसाची समजूत पायानं कशी काढणार?

"कबूल," मास्तर म्हणाले.

मुलानं खालून ढकललं, मेहुण्यानं वरून ओढलं, तेव्हा कुठे मास्तर सुटले. पँट मात्र अर्धी खाली राहिली.

"भावोजी, छत कसं आहे?" मेहुण्यानं विचारलं. (काय हा प्रश्न!)

मास्तरांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "कुजलंय. तुळया आतून पोकळ आहेत. घेऊ नकोस."

"अहो, तुम्ही येईपर्यंत धडधाकट होतं!" मुलगा ओरडला. पण वर भगदाड होतं आणि मास्तरांची अर्धी पँट त्याला लटकत होती. सौदा फिसकटला. बातमी पसरली, आणि दुसरं गिऱ्हाईकही फिरकेना.

मास्तरांनी घरी बायकोला सगळं सांगून टाकलं. "लाकूड खणखणीत होतं गं. पण म्हाताऱ्याला शब्द दिला होता." तिनं त्यांच्या सोललेल्या मांडीला मलम लावलं.

पुढे काही महिन्यांनी म्हातारा गेला. त्याच खाटेवर.

मास्तर बायकोला घेऊन भेटायला गेले. आज खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेले होते. पण मुलानं त्यांचे हात धरले आणि तो ढसाढसा रडला.

"तुमच्या नावानं खूप बोटं मोडली मी. शेवटी घाबरून सुताराला वर चढवलं. वाळवीनं तुळया आतून पार खाल्लेल्या! बाबांच्या डोक्यावरची तर आज-उद्या पडलीच असती. टेकू दिले म्हणून ते शांतपणे गेले. नजर आहे बरं का तुमची!"

 मास्तर या धंद्यात जाणूनबुजून खोटं बोलले ते एकदाच, आणि नेमकं तेच खरं निघालं.

दोघं घरी परतले. बायकोनं कुलूप काढलं, दार ढकललं, पण ती आत गेली नाही. उंबऱ्यावरूनच मान वर करून छताकडे बघत राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे घर घेताना तुम्हीच तपासलं होतंत ना?"