सिदोजी भालदार यांच्या पाहणीची हकीकत

श्री. अंथरुणास खिळलेल्या जिवांचा जो वाली, त्यास आधी दंडवत आणि मग लेखणीस हात. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, भाद्रपद मासी, नदीकाठच्या एका नगरराज्यात जे वर्तमान घडले ते, काही कानी आले आणि काही डोळ्यांनी देखिले, तैसे लिहितो. पदरचे घातले नाही आणि कोणाची भीड धरून गाळले नाही.

त्या राज्यात पूर्वी एक कारभारी होऊन गेले. त्यांची माता सात वर्षे अंथरुणावर होती, ते दुःख त्यांनी घरात पाहिले होते, म्हणोन त्यांनी दरबारात ठराव केला की राज्यात जे म्हातारे, पांगळे, आंधळे, ज्यांस स्वतःचे शरीर आवरत नाही, त्यांच्या घरी दरबारची सेविका रोज सकाळी दोन घटका जावी, आणि तिने न्हाऊ घालावे, कपडे बदलावे, चार पावले चालवावे, दोन घास भरवावे, आणि मग पुढच्या घरी जावे. ऐसा परिपाठ बारा वर्षे चालला. त्या परिपाठात सिदोजी बिन कान्होजी खराटे यांचे नाव होते. सिदोजी म्हणजे दरबारचे भालदार. नगरसभा भरली की सभागृहाच्या दारात चांदीची काठी घेऊन उभे राहावे, मानकरी आले की नाव पुकारावे, आणि सभा उठेतो बसू नये, ऐसी अडतीस वर्षे त्यांनी चाकरी केली. निवृत्त जाहल्यावर तिसऱ्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. पोटी संतान नाही. घरात एक तान्हूबाई, त्यांची अस्तुरी, त्यांच्याही दोन्ही डोळ्यांवर पडदा आलेला, आणि हात ऐसे कापत की भरला तांब्या चुलीपासून पाटापर्यंत येता अर्धा होई.

सेविका यायची ती हौसाबाई मोहिते. तिने चार वर्षे सिदोजींस आपल्या बापासारखे सांभाळिले. ती त्यांस आबा म्हणे आणि तान्हूबाईंस आजी. सकाळी येताच ती आधी खिडकी उघडी, मग अंथरुण काढी, कारण रात्री काय जाहले असेल ते सांगण्याची वेळ सिदोजींवर येऊ नये. आणि मग न्हाणे, मग मालीश, आणि मग भिंतीस हात लावून दहा पावले, खाटेपासून दारापर्यंत. पहिल्या वर्षी दोन पावले होती, दुसऱ्या वर्षी पाच, मग दहा जाहली. त्या दहा पावलांचा सिदोजींस बहुत अभिमान. दारापाशी पोहोचले की चौकट धरून ते रस्त्याकडे पाहत, आणि जाणारा येणारा रामराम करी, आणि ते उजवा हात उचलून रामराम घेत. दिवसातला तेवढा वेळ ते भालदार असत.

मग विलंबी संवत्सरी नवे कारभारी गादीवर आले. त्यांनी पाहिले की सेविका साठ आणि घरे तीनशे. सेविका वाढवाव्यात हा विचार त्यांच्या मनास शिवला नाही, घरे कमी करावीत हा शिवला. मग हुकूम निघाला की खरे गरजू कोण आणि दिखाऊ कोण ते निवडावे, आणि त्यासाठी बत्तीस प्रश्नांचा एक कागद छापिला, आणि पाहणीदार नेमिले, आणि प्रत्येकाने रोज वीस घरे पाहावीत ऐसे ठरविले. हौसाबाईस हे कळले. ती सिदोजींस म्हणाली, "आबा, तो माणूस येईल त्या दिवशी उठू नका. मी यायच्या आधी सकाळी जसे असता ना, तसेच त्याला दिसा." सिदोजींनी मान डोलाविली. तान्हूबाईंनीही बजाविले. परंतु पाहणीदार सकाळी आला नाही. भाद्रपद वद्य पंचमीस, हौसाबाई कामे उरकून गेल्यावर, भर दुपारी आला. सिदोजी न्हाऊन, धुतली बंडी घालून, केस विंचरून बसले होते. पाहणीदाराचे नाव त्रिंबक हरी, वय पस्तिशीचे, माणूस वाईट नव्हे, दिवसभर उन्हात फिरून घामाघूम जाहलेला, आणि त्याच्या गळ्यात दरबारचा बिल्ला.

तो बिल्ला दारात दिसताच सिदोजींचे काय जाहले ते त्यांस स्वतःसही सांगता आले नसते. दरबारचा माणूस घरी आला आणि आपण पडून राहावे, हे अडतीस वर्षांच्या अंगवळणास मानवले नाही. ते खाटेचा कठडा धरून उठले, आणि भिंतीस हात लावून एक एक करीत दहा पावले चालले, आणि दारापाशी जाऊन उजव्या हाताने मुजरा करून म्हणाले, "यावे. दरबारची पायधूळ घरी लागली." मग तान्हूबाईंस गूळपाणी आणावयास सांगितले. त्रिंबक हरी आत बसून कागद काढून एकेक पुसू लागले. स्वतः उठता काय? सिदोजी बोलिले, उठतो की, आता उठलो ना. चालता काय? चालतो. जेवण आपल्या हाताने? हाताने. मग न्हाणे आणि शौचाचे पुसले. पडद्याआड अस्तुरी उभी, समोर परका माणूस, आणि तो दरबारचा. सिदोजींनी खाली पाहिले आणि बोलिले, होते. तान्हूबाई पडद्याआडून काही बोलावयास गेल्या, तो सिदोजी ऐसे खाकरले की त्या गप्प जाहल्या. त्रिंबक हरींनी गूळ खाल्ला, पाणी प्यायले, म्हाताऱ्याची प्रकृती पाहून समाधान वाटले ऐसे बोलिले, आणि कागदाखाली 'सक्षम' ऐसा शेरा मारून पुढच्या घरी गेले. सिदोजी त्यांस निरोप द्यावयास चौकट धरून पुन्हा उभे राहिले होते. पाहणीदार गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईतो ते उभे राहिले, आणि मग परत फिरायची ताकद उरली नाही. गुडघा लवला आणि ते चौकटीवरून घसरत उंबऱ्यात बसले, आणि मग आडवे जाहले. तान्हूबाईंच्याने उचलवेना. शेजारचे घर बंद होते. दिवे लागेतो नवराबायको दोघे उंबऱ्यातच होती, आणि तान्हूबाई पदराने त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारीत होत्या.

पंधरा दिवसांनी पत्र आले की पाहणीअंती आपणांस सेवेची गरज नाही ऐसे आढळले, सबब सेवा बंद. हौसाबाईची नेमणूक नदीपलीकडे जाहली. पुढे जे दिवस आले ते लिहिताना लेखणी अडते. तान्हूबाई अंथरुण काढावयास जात तो ओढताना त्यांचाच तोल जाई. न्हाणे आठवड्यातून एकदा होऊ लागले, मग तेही ओल्या फडक्यावर आले. पाठीस जखमा जाहल्या. सिदोजींनी पाणी पिणे कमी केले, कारण प्यायलेले बाहेर पडते आणि ते तान्हूबाईंस काढावे लागते. आणि पाणी कमी पडून त्यांस भोवळ येऊ लागली. हौसाबाई दोनदा कामावरून परतताना वाकडी वाट करून आली आणि तिने जखमा धुतल्या. ते कचेरीत कळले आणि तिला लेखी ताकीद जाहली की नेमून दिलेल्या घराखेरीज अन्यत्र सेवा करू नये. मग आश्विनात एके सकाळी सिदोजींस शौचास नेताना तान्हूबाई पडल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. ते ऐकून हौसाबाई ताकीद बाजूस ठेवून आली, आणि तिने बसून दरबारास अर्ज लिहिला, आणि सिदोजींचा अंगठा नव्हे, सही घेतली, कारण सही येते हे त्यांनी ठणकावून सांगितले.

अर्जाची सुनावणी कार्तिक शुद्ध दशमीस नेमिली, आणि अर्जदाराने समक्ष हजर राहावे ऐसा नियम. कचेरी दुसऱ्या मजल्यावर, आणि वर नेणारा पाळणा कैक महिने बंद. अधिकाऱ्यांनी खाली उतरावे ऐसे नियमात नव्हते. मग दरबारचे दोन जुने शिपाई, सिदोजींच्या हाताखाली तयार जाहलेले, त्यांनी खुर्चीसकट त्यांस उचलिले आणि जिन्यावर प्रत्येक वळणास टेकीत वर नेले. तान्हूबाई गळ्यात हात बांधून मागून आल्या. दालनात कारभारी स्वतः बसले होते, बाजूस दोन अंमलदार, आणि त्रिंबक हरी कागद घेऊन उभे. दारात चार शिपाई, दोन कारकून, सगळे ओळखीचे, सगळ्यांनी सिदोजींस चांदीच्या काठीसह पाहिलेले. त्रिंबक हरींनी कागद वाचिला की अर्जदार स्वतः उठला, दहा पावले चालला, मुजरा केला, आणि बत्तीसपैकी एकोणतीस उत्तरे होकारार्थी दिली. कारभाऱ्यांनी पुसले की तेव्हा खोटे बोललात की आता बोलता.

सिदोजींनी दारातल्या शिपायांकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, "खोटे नव्हे महाराज. लाजलो."

कारभारी म्हणाले, कशास लाजलात ते स्पष्ट सांगावे, कागदावर घ्यावे लागते. मग सिदोजींनी समोरच्या भिंतीकडे पाहत, पूर्वी मानकऱ्यांची नावे पुकारीत त्याच खणखणीत आवाजात सांगितले की मला शौचास स्वतः जाता येत नाही. बायको पोहोचायच्या आत कापडात होऊन जाते. आज इथे येण्यास निघताना तिने एका हाताने मला दोनदा पुसले. न्हाऊन अठरा दिवस जाहले. पाठीस तीन जखमा आहेत, पाहावयाच्या असतील तर बंडी काढतो. दारातल्या एका शिपायाने तोंड फिरविले. कारकुनाने सगळे लिहून घेतले आणि 'अठरा' की 'अठ्ठावीस' ते पुन्हा विचारून घेतले.

मग कारभारी म्हणाले, "ते सर्व ठीक. पण कागद म्हणतो तुम्ही उठता. उठून दाखवा पाहू."

आता इथे जे जाहले ते सिदोजींनी पुढे एकट्या हौसाबाईस सांगितले, म्हणोन ठाऊक. त्यांनी खुर्चीच्या हातावर उजवा हात रोवला, आणि पाय जमिनीस लावून पाहिला, आणि त्यांस कळले की आज उठता येते. जिन्यावरून आणताना अंग मोकळे जाहले होते, उजव्या पायात जोर आला होता, आणि समोर दरबार बसला होता. उठावे ऐसे सगळ्या शरीराने म्हटले. मग त्यांची नजर तान्हूबाईंच्या बांधलेल्या मनगटाकडे गेली. त्यांनी हात उचलून मांडीवर ठेविला आणि म्हणाले, "येत नाही." पाहणीच्या दिवशी लाजेने जे झाकले ते निराळे, समजून उमजून दरबारापुढे खोटे बोलण्याची ही त्यांची पहिली वेळ. कारभाऱ्यांचे समाधान जाहले.

सेवा पुन्हा सुरू करण्याचा हुकूम मार्गशीर्षात निघाला. हुकुमाच्या शेवटी एक कलम होते की पाहणीदार केव्हाही न कळविता येईल, आणि अर्जदार उभा वा चालता आढळल्यास दरबारची फसवणूक समजून सेवा कायमची बंद होईल. हौसाबाई परत आली. तिने जखमा बऱ्या केल्या, अंथरुण कोरडे केले, तान्हूबाईंचे मनगट जुळेतो दोघांस भरविले. आणि मग ती म्हणाली, आबा, आता पावले. सिदोजी म्हणाले, नको. तिने दार लावले, खिडकी लावली, आणि बंद घरात त्यांस चालविले. ऐसे आठ दिवस जाहले. नवव्या दिवशी ते भिंतीस धरून पाचव्या पावलावर असता दारावर थाप पडली, आणि सिदोजींनी हौसाबाईचा हात सोडून स्वतःस जमिनीवर टाकून दिले. दारात भाजीवाली होती. कंबरेस मार बसला तो महिनाभर राहिला. त्यानंतर त्यांनी पावले टाकली नाहीत. हौसाबाई रडली, रागावली, तान्हूबाईंनी विनविले. सिदोजी म्हणाले, "पोरी, तू यायला हवीस. मला चालता येणे आता परवडत नाही."

मग माघ गेला, फाल्गुन गेला. आधी पोटरी सुकली, मग मांडी सुकली. चैत्रात बसविले तर मान पडू लागली. ज्येष्ठात उजवा पाय वाकलेला राहिला तो सरळ होईना. हौसाबाई रोज मालीश करी आणि तिच्या बोटांस हाड लागे.

पुढल्या वर्षी भाद्रपदात पाहणी आली, आणि पाहणीदार पुन्हा त्रिंबक हरीच आले. दारात येऊन ते थबकले. सिदोजींनी खाटेवरून उजवा हात कपाळास नेला, तो अर्ध्यात पडला. त्रिंबक हरींनी कागद काढिला नाही. ते खाटेपाशी बसले आणि हळूच पुसले की उठता काय. सिदोजींनी बहुत दिवसांनी मोकळेपणी उत्तर दिले की आता खरेच नाही, लिहा. त्रिंबक हरींनी आता कागद काढिला. मग त्यांनी लिहिले की अर्जदाराने मागील वर्षी दिलेला जबाब खरा असल्याचे आढळले, सेवा चालू ठेवावी. बाहेर पडताना त्यांनी तान्हूबाईंस नमस्कार केला, आणि आठ दिवसांनी पाहणीचे काम सोडून कोठल्याशा गोदामात कारकुनी धरिली ऐसे ऐकिवात आहे.

सिदोजी त्यानंतर सात महिने जगले. सेविका एक दिवसही चुकली नाही. त्या साली दरबाराने जाहीर केले की फेरपाहणीत शंभरात सत्त्याण्णव अर्जदार खरे निघाले, आणि पाहणीचा बंदोबस्त उत्तम चालला आहे. येणेप्रमाणे वर्तमान. लेखकाने हौसाबाईस पुसले की याउपर काही लिहावयाचे राहिले काय, तेव्हा ती म्हणाली की आबा दहा पावले चालत होते, एवढे लिहा, कारण ते दरबाराच्या एकाही कागदात आता नाही. म्हणोन लिहिले.